बोलता येईल एवढंच पळायचं

"बोला," शितोळेबाई म्हणाल्या.

"काय बोलू?"

"काहीही. पळताना बोलता आलं म्हणजे वेग बरोबर आहे. बोलता येईना म्हणजे आपण उगाच जोर करतोय. नवीन माणसाला एवढा एकच नियम पाठ असला तरी पुरे."

माझी पळायची ती पहिली सकाळ. कॉलेजचं मैदान, अंगात पंजाबी ड्रेस, पायात कोरे करकरीत बूट आणि शेजारी ही बासष्ट वर्षांची बाई. शाळेत पीटी शिकवून रिटायर झालेली, काटकुळी, गळ्यात शिट्टी. एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं आठ वेळा. माझा जीव एका मिनिटातच कंठाशी आला होता आणि वर हिला गप्पा हव्या होत्या.

"माहेर कुठलं तुमचं?"

"इथलंच... जवळचं."

"भाऊ किती?"

"एक."

"आईवडील?"

"आई मागंच गेली. वडील... आत्ता चैत्रात."

"मग शेती भाऊच बघत असेल."

माझ्या मनात पाल चुकचुकली. पळायला शिकवणाऱ्या बाईला माझ्या भावाच्या शेतीशी काय करायचंय? तेवढ्यात शिट्टी वाजली, मिनिट संपलं, आणि मी कमरेवर हात ठेवून उत्तर टाळलं.

ही गोष्ट बारा वर्षांपूर्वीची, फलटणची. मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची. आमची पिठाची गिरणी, दोन चक्क्या आणि एक मिरची कांडप. मालक आणि मी, नवराबायको दोघंच राबणारी. बावीस वर्षं पीठ नाकातोंडात जाऊन माझी छाती भरली होती; जिना चढला तरी धाप लागायची. डॉक्टर म्हणाले, औषध देतो, पण हातपाय हलवा, सावकाश पळायला शिका, त्या शितोळेबाई सकाळी नव्या लोकांना फुकट शिकवतात. फुकट म्हटलं की माझा संशय तिथंच सुरू होतो. या जगात फुकट कोण कुणाला काय देतं?

माझा स्वभावच तसा आहे, नाकारत नाही. गिरणीवालीला गावाची अंडीपिल्ली ठाऊक असतात. बायका दळणाचा डबा टेकवतात आणि सुनेपासून सासूपर्यंत सगळं ओतून मोकळ्या होतात. मी ऐकायची. आपलं मात्र कधी सांगायची नाही. माझ्या घरातली गोष्ट त्या उंबऱ्याबाहेर गेली नाही, असं मी छातीठोकपणे सांगत असे.

आणि नेमकी तेव्हाच सांगण्यासारखी नाही अशी गोष्ट घरात होती. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर माझं आणि माझ्या धाकट्या भावाचं, संपतचं, नाव लागलं. संपत हक्कसोडपत्र मागत होता. म्हणजे बापाच्या जमिनीतला माझा वाटा मी भावाला राजीखुशीनं सोडला, असं लिहून सही करायची. आमच्याकडं बहिणी करतात. भाऊ साडी घेतो, बहीण सही देते, आणि दिवाळीला भाऊबीज चालू राहते. जी देत नाही तिचं माहेर त्या दिवशी बंद होतं. संपत दोनदा गिरणीवर येऊन गेला होता, आणि दोन्ही वेळा मी "बघू" म्हणाले होते. सही करावी तर पोटात तुटायचं, न करावी तर माहेर जायचं. आईबापामागं माझं तेवढंच तर उरलं होतं.

तर अशा वेळी ही बाई मला विचारते, शेती भाऊच बघत असेल.

तरी मी जात राहिले. खोटं कशाला बोलू, बाई शिकवायच्या फार चांगलं. बूट अर्धा नंबर मोठा घ्यायला लावला, पळताना पाय फुगतो म्हणून. पावलं छोटी टाका म्हणाल्या, लांब ढेंगा टाकून गुडघे मोडतात. खांदे कानाला लावून पळायची माझी सवय. त्या बोटानं खांद्यावर टिचकी मारायच्या, की मी खांदे सोडायचे. निघण्याआधी अर्धं केळं. रोज पळायचं नाही, रविवारी तर मुळीच नाही. "अंग विश्रांतीत शिकतं. ज्याला पहिल्या आठवड्यात रोज पळावंसं वाटतं तो तिसऱ्या आठवड्यात घरी झोपलेला असतो." एक दिवस माझे पाय शिशाचे झाले होते, दोन फेऱ्यांत मी बसले. म्हटलं, हे काही माझ्याच्यानं होत नाही. त्या शेजारी मातीत बसल्या. "आज वाईट गेलं ना? मग उद्या नको, परवा ये. वाईट दिवशी जो आला तोच पळणारा." तोवर त्या मला अगंतुगं करायला लागल्या होत्या.

पण बोलायचा नियम काही सुटला नाही. गप्प झाले की लगेच, "रत्ना, बोल." मग काय बोलणार? पळताना डोकं मोकळं होतं हो. सुरुवातीला मी मोजून मापून बोलायची, गिरणीचं, भाव-बाजारचं. मग कधी लहानपणाचं निघायचं, कधी वडिलांचं. महत्त्वाचं काही सांगत नाही, अशी माझी पक्की समजूत होती. त्या फक्त "हं" म्हणायच्या, आणि मधूनच एखादा प्रश्न सोडायच्या. "मग संपत कुठं होता तेव्हा?"

मैदानावरही काहीतरी शिजत होतं. कडेला सिमेंटचा बाक होता, त्यावर चारपाच रिटायर लोक बसायचे. आम्ही जवळून गेलो की ते एकदम गप्प. डेअरीतले खलाटे रोज कानटोपी घालून चालायला यायचे. ते मला बघून नजर चुकवायचे. आणि बाई मला नेहमी पलीकडच्या बाजूला न्यायच्या, कंपाउंडच्या भिंतीकडं. "इकडं माती मऊ आहे," म्हणायच्या. मी खाली वाकून बघितली होती, माती दोन्हीकडं सारखीच होती. मग भिंतीआड नेऊन मला काय विचारायचं असतं, हे मी मनातल्या मनात जोडत गेले.

सातव्या आठवड्यात पुरावा मिळाला. एक बाई ज्वारीचं दळण घेऊन आली आणि चक्कीच्या आवाजावर ओरडून म्हणाली, "शितोळेबाईंकडं जाता म्हणं तुम्ही. म्हणजे घरच्याच की. तुमच्या भावजयीच्या सख्ख्या आत्या ना त्या?"

माझ्या हातातला डबा तसाच राहिला. उज्ज्वलाची आत्या. संपतच्या बायकोची. दोन महिने या बाईनं एका शब्दानं सांगितलं नव्हतं. माहेर कुठलं, भाऊ किती, शेती कोण बघतं, सगळं आता लख्ख झालं. मला पळवत होती कसली, माझ्या पोटातलं काढून घेत होती आणि तिकडं पोचवत होती.

खरं सांगते, राग आला त्याच्यापेक्षा वाईट जास्त वाटलं. आई गेल्यापासून माझ्याशी एवढं कुणी बोललं नव्हतं.

दुसरी एखादी असती तर जायचं बंद केलं असतं. मी गिरणीवाली. कोण कुणाचं कुठं सांगतं हे शोधायची माझी एक जुनी रीत होती. एकालाच एक खोटी गोष्ट सांगायची आणि ती कुठून परत येते ते बघत बसायचं. गुरुवारी मैदानावर पळत असताना मी आवाज खाली आणला आणि बाईंना म्हणाले, "कुणाला सांगू नका. मी साताऱ्याला वकील गाठलाय. कागद दिलेत त्याला. संपतवर केस टाकणार."

बाईंनी पळतापळता माझ्याकडं वळून बघितलं. मग म्हणाल्या, "श्वास लागतोय तुला. जरा सावकाश घे."

घरी येऊन मी वाट बघत बसले. जास्त बसावं लागलं नाही.

शनिवारी दुपारी संपत आला. गिऱ्हाईक होतं, चक्की चालू होती. तो उंबऱ्यातच उभा राहिला. चेहरा पांढरा पडला होता त्याचा, पिठानं नव्हे.

"वकील केलास होय आक्का?"

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी का सांगेना. खरं का खोटं?"

तिथं मी खोटं म्हणायला हवं होतं. पण माझा सापळा बसला होता ना. मला त्याचाच आनंद. "कुणी सांगितलं ते आधी बोल," मी म्हणाले.

"म्हणजे खरंय," तो म्हणाला. "माझ्या तोंडावर नाही म्हणाली असतीस तर चाललं असतं. कोर्टात खेचायला निघालीस. बापाला जाऊन वर्ष झालं नाही अजून." पाणी दिलं ते त्यानं घेतलं नाही. गाडीला किक मारून गेला.

मालक चक्कीमागून आले. "काय म्हणत होता?"

मी सांगितलं. ते म्हणाले, "मग खोटं आहे म्हणून सांगायचंस की." एवढं बोलून ते गव्हाचं पोतं ओतायला गेले. त्यांचं बरोबर होतं, म्हणून मी त्यांच्यावरच चिडले.

रविवारी पळायला सुट्टी. तो अख्खा दिवस मी बाईंना काय काय बोलायचं ते घोकत काढला. सोमवारी गेले. त्या नेहमीच्या जागी पाय ताणत उभ्या होत्या. मी बूट घातले होते पण पळायचा विचार नव्हता.

"उज्ज्वलाच्या आत्या ना तुम्ही?"

"हो."

"आणि दोन महिने गप्प राहिलात."

"तू विचारलं नाहीस. आणि मी आपण होऊन सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी आली नसतीस. तू यायला लागलीस तेव्हाच उज्ज्वलाला सांगून टाकलं, रत्नाचं काही माझ्यापाशी विचारायचं नाही. दोन महिने झाले, मी त्या घरी गेलेले नाही."

"मग वकिलाचं संपतला कसं कळलं? ते मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं. जगात दुसऱ्या कुणाला नाही."

बाईंचा चेहरा ओशाळल्यासारखा झाला. मग वळून त्यांनी हाक मारली, "खलाटे, जरा इकडं या."

खलाटे कानटोपी सावरत आले.

"गुरुवारी या मला काय म्हणाल्या, सांगा त्यांना."

"राहू द्या ना बाई."

"सांगा."

खलाट्यांनी बुटाकडं बघितलं. "साताऱ्याचा वकील. कागद दिलेत. केस टाकणार. कुणाला सांगू नका."

"तुम्ही कुठं होता तेव्हा?" मी विचारलं.

"मी? तिथं." त्यांनी हात केला. मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला पाण्याची टाकी होती, तिकडं.

मला काही कळेना. खलाटेच म्हणाले, हळुवार, आजारी माणसाला सांगावं तसं, "वहिनी, तुम्ही रोज बोलता ते सगळ्यांना ऐकू येतं. आम्ही मुद्दाम कान देत नाही. पण तुमचा जन्म चक्कीपाशी गेला. तुम्हाला वाटतं तुम्ही कानात सांगताय, आणि इकडं बाकापर्यंत सगळं येतं."

"बाकापर्यंत?"

"बाकावर तर दोन पार्ट्या पडल्यात. एक म्हणते सही द्यावी, भाऊ तुटू नये. दुसरी म्हणते अजिबात देऊ नये. परवा त्यावरनं दोघांचं बोलणं बंद झालं." मग त्यांनी मान खाली घातली. "संपतराव आमच्याकडं दूध घालतात. मीच म्हटलं त्यांना, बहिणीला वकील करायची पाळी आणू नका. वाईट बुद्धीनं नाही बोललो."

धरणीमाय पोटात घेईल तर बरं, असं वाटतं म्हणतात, ते मला त्या दिवशी कळलं. बावीस वर्षं मी उंबऱ्याबाहेर काही जाऊ दिलं नव्हतं, आणि इथं आठ आठवडे दवंडी पिटत पळत होते. आणि आठच आठवडे का? गिरणीत काय, घरात काय, मी आणि मालक असेच बोलत असणार. आमची सगळी आळी काय काय ऐकत आली असेल?

खलाटे गेल्यावर मी बाईंवर तुटून पडले. आता ओरडतेय हे कळत होतं, तरी आवाज खाली येईना. "तुम्हाला ठाऊक होतं. माझ्या अब्रूचे धिंडवडे निघत होते आणि तुम्ही हं हं करत होता."

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी सांगणार होते. पण सांगितलं असतं तर तू तोंड मिटलं असतंस. तोंड मिटून पळणारी नवी माणसं जोर करतात आणि महिन्याभरात सोडून देतात, तीस वर्षं बघत आलेय. आणि तुझी छाती मोकळी होत होती. म्हणून भिंतीकडं नेत होते, निदान थोडं कमी जावं म्हणून. ते बरोबर नव्हतं. माफ कर मला."

मी ओढणीनं तोंड पुसलं. त्याच पुढं म्हणाल्या, "पण वकील खोटा आहे, हे मला तेव्हाच कळलं. आठ आठवड्यांत एवढा दम तुला कधीच लागला नव्हता. विहिरीचं सांगताना बघ, एक फेरी पुरी होते तरी तुझा श्वास ढळत नाही."

"विहिरीचं काय सांगितलं मी?"

"अगं, तेच तर सांगतेस. सातवीतनं तुझी शाळा सोडवली. दोन उन्हाळे तू वडिलांबरोबर विहिरीचे दगड वर ओढलेस, हाताची सालं निघाली. ते पाणी लागल्यावर रान भिजलं, आणि त्याच्यावर संपतचं कॉलेज झालं. चांगल्या दिवशी हेच सांगतेस, वाईट दिवशी हेच सांगतेस. इथल्या झाडूवाल्यालाही माहीत आहे की तुला ते विहिरीवरचं रान पाहिजे. एका संपतला सोडून."

"मी कधी म्हटलं मला रान पाहिजे?"

"रोज," बाकावरून एक म्हातारा आवाज आला.

मी बूट न काढता तशीच घरी आले. गिरणीत मालक पट्टा चढवत होते. मी त्यांना विचारलं, "मी मोठ्यानं बोलते का हो?"

"काय?" ते म्हणाले.

मी पिशवी घेतली आणि एसटी स्टँडवर गेले.

माहेरी पोचले तेव्हा संपत पडवीत कॉटवर बसला होता. मला बघून उठला नाही. समोर प्लास्टिकच्या पिशवीत हक्कसोडचा कागद होता, तोच, टाइप करून ठेवलेला. बहुतेक कुणाला दाखवायला काढला असेल. उज्ज्वला दारात आली, "या वन्सं," म्हणाली आणि माझा चेहरा बघून आत गेली.

मी कॉटच्या दुसऱ्या टोकाला बसले. कागद आमच्या मध्ये.

"वकील बिकील कुणी नाही," मी म्हणाले. प्रत्येक शब्द जिभेवर तोलून, जेवढा हळू येईल तेवढा हळू. "ते मी खोटं बोलले. कुणालातरी पकडायला बोलले आणि लागलं तुला. ते माझं चुकलं."

त्यानं सुस्कारा सोडला. त्याचे खांदे खाली आलेले मला दिसले. "मग करून टाक की सही. विषय संपला."

"नाही संपला. मला रान पाहिजे संपत. विहिरीवरचं. माझ्या वाट्याला येतं तेवढं, त्याच्यावर गुंठाभर नको."

"तू कधी बोलली नाहीस."

"तू सही मागितलीस. तुला पाहिजे का, असं विचारलं नाहीस."

"सगळ्या बहिणी देतात आक्का. मला वाटलं तू पण... विचारायचं काय त्यात?" त्यानं तोंडावरून हात फिरवला. "लोक काय म्हणतील? बहिणीनं वाटा घेतला म्हणून तोंड वासतील."

"वासू देत. फलटणमध्ये बोलून झालंय सगळ्यांचं."

त्याला ते कळलं नाही, आणि मी समजावत बसले नाही. कागदाची पिशवी त्यानं उगाच सरळ केली. मी मनाची तयारी केली होती. तो आता म्हणेल, ऊठ, पुन्हा या घराची पायरी चढू नकोस. दगड ओढताना हाताला फडकं बांधून देणारी आई आत नव्हती, मध्ये पडायला वडील नव्हते.

"ते दगड," तो म्हणाला, "मी लहान होतो. मला आठवतंय. मी काठावर बसून चिंचा खायचो आणि तू वर येताना तोंड वेडंवाकडं करून मला हसवायचीस." मग त्यानंच विचारलं, "आता दिवाळीला येणार नाहीस ना तू?"

मला वाटलं होतं हा प्रश्न मला पडलाय, एकटीला. तो घाबरून बसला होता, माझ्यासारखाच.

"बोलावलंस तर येईन," मी म्हणाले.

तो हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. उज्ज्वला चहा घेऊन आली. कॉटवर कप ठेवायला जागा नव्हती, म्हणून संपतनं तो कागद उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि माझा कप पुढं सरकवला.

"घे आक्का, निवतोय."

चहा मी घेतला. सही केली नाही.